वाळ्याचं खोपटं

आज माझ्या चंद्रपूरच्या घरामागे नव्या खोपटाला वाळ्याच्या ताट्या बांधल्या आणि त्यांच्यावर पाण्याची नळी धरली. ओल्या वाळ्याचा वास सुटला, तशी मी थेट वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या आमच्या जुन्या क्वार्टरमागे जाऊन पोहोचले.

मी लहान होते, मे महिना होता. आई आणि मी गावाहून नुकत्याच बाबांकडे राहायला आलो होतो, आणि आईने परत जायला बॅग भरून ठेवली होती. "इथी झाड नाई, सावली नाई. मले करमत नाई," एवढंच ती म्हणायची.

बाबांनी मागे बांबूचं खोपटं उभारलं, त्याला कूलरच्या जुन्या ताट्या लावल्या, आत कुंड्या, खुरपं, शेणखत नेऊन ठेवलं आणि भोवताली गुलबक्षी लावली. मग ताट्यांवर बादलीभर पाणी ओतून त्यांनी आईला हाक मारली, "पाहून तं घे."

बाहेर ऊन भाजून काढत होतं, आत गारेगार. मी आईकडे पाहत होते. आत येऊन तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"इथी मोगरा ठेवू. पुढच्या उन्हाळ्यात मस्त फुलन."

बाबांनी तडक घरात जाऊन बॅग रिकामी केली. मला मात्र कितीतरी वर्षं वाटत होतं, की ते खोपटं कुंड्यांसाठीच होतं.

उद्या आई कायमची माझ्याकडे येतेय. फोनवर आत्तापासूनच विचारते, "तिथी मले करमन का?" सगळ्या कुंड्या मांडून झाल्या, फक्त एक कोपरा रिकामा ठेवलाय.