मेसाखमामाने टाळलेला प्रश्न

आमच्या रोटे बेटावर पाऊस सरला की गडीमाणूस सकाळ-संध्याकाळ ताडावरच सापडतो. माझ्या आईचा थोरला भाऊ मेसाख न्दून हाही त्यातलाच. फक्त तो चढायच्या आधी देवाला विचारायचा. बुंध्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "बापा, चढू का?" कधी लगेच बुंध्यात चढायला कोरलेल्या खाचेत पाय घालायचा. कधी मात्र "आज नको" म्हणून घरी परतायचा आणि बाकीच्यांच्या बादल्या नीरेने भरत असताना हा ओसरीवर सुपारी चघळत बसायचा.

याची टिंगल केली नसती तर ते गाव कसलं? कुणाच्या लग्नात रात्रभर नाचून झालं की दुसऱ्या दिवशी हमखास "नको" यायचं. देवाला माझ्या नवऱ्याच्या कंबरेची भारी काळजी, असं डोर्कासमामी म्हणायची. एकदा त्याने एक झाड नाकारलं, तेव्हा सगळे ते कोसळायची वाट बघत बसले. झाड अजून ठणठणीत आहे. चर्चच्या पत्र्यांना कुठला रंग द्यायचा यावर सभा भरली, तेव्हा मामा "विचारून येतो" म्हणून बाहेर गेला. परत आला तोवर हिरवा रंग ठरून पाळकबाईंचा चहाही झाला होता. काय उत्तर आलं, असं त्यांनी विचारलं, तर मामा म्हणाला, कुठलाही चालेल.

देव बोलतो तरी कसा, असं मी एकदा त्याला खोदून विचारलं.

"बोलतो कुठला! हात ठेवला की मन निवळतं, नाहीतर गढूळच राहतं. गढूळ मनाने चढलेला माणूस हाताने कुठे धरतोय ते बघत नाही."



वर नीरा पाझरावी म्हणून ताडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा, तासताना मामा उपासनेतली गाणी म्हणायचा. गळा बेसूर, पण खणखणीत. खाली मामी चुलीवर नीरा आटवून काकवी करत असायची. वरचं गाणं थांबलं की तिची पळी थांबायची, गाणं सुरू झालं की पुन्हा फिरायची. हे मामा सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षी गाणं मध्येच तुटलं आणि बराच वेळ आलं नाही. मामा घसरला होता. एका खाचेत पाय अडकला म्हणून वाचला. छाती सोलून निघाली होती. घरी येऊन त्याने सांगितलं की बोकडाने ढुशी दिली. बोकड सकाळपासून मामीच्या डोळ्यांसमोर बांधलेला होता. तिने मुकाट्याने खोबरेल लावलं. तेव्हापासून तो निघाला की तिचं कशात लक्ष लागेना. गुडघे कुरकुरत होते, घरातच राहणारा जावई मेल्की चढायला तयार होता, पण मामाचं एकच पालुपद: देवाने मला अजून थांब म्हटलेलं नाही.

यंदाच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मामी चूल सोडून त्याच्यामागे निघाली. मेल्की आणि मी बादल्या घेऊन होतो. सगळ्यात उंच ताडाच्या बुंध्यावर मामाने हात ठेवला, विचारलं, "हो म्हणाला" म्हणत पाय उचलला.

"अहो, थांबा," मामी म्हणाली. "रोज आपलं चढू का, चढू का. आज दुसरं काहीतरी विचारा."

"काय?"

"चढणं सोडू का, म्हणून."

मामा बुंध्याकडे बघत राहिला. "ते नको विचारायला."

"का?"

"उत्तर ठाऊक आहे."

आम्ही कुणी हसलो नाही.  जन्मभर विचारून पाऊल टाकणाऱ्या या माणसाने एवढा एकच प्रश्न टाळला होता. ताडावर न चढणारा मेसाख कोण, हे त्याला माहीतच नव्हतं.

"मी आहे ना इथे," मामी म्हणाली. "विचारा."

मामाने दोन्ही तळहात बुंध्याला लावले. या वेळी फक्त ओठ हलले. आम्ही बादल्या खाली ठेवून उभे राहिलो. शेवटी त्याने कंबरेचा पट्टा सोडला, सुरी मेल्कीच्या हातात दिली आणि धार नीट ठेव म्हणाला.

आता मेल्की चढतो. गडी उतावळा आहे. मामा खालून विचारतो, "अरे, विचारलंस का?" मेल्की अर्ध्या झाडावरून सांगतो, "तुम्ही विचारा हो, मी चढतो." म्हणून मामा विचारतो, आणि मेल्की उतरेपर्यंत बुंध्यावरचा हात काढत नाही. मेल्कीला गाणं येत नाही, तेव्हा तेही मामाच म्हणतो, खाली उभा राहून.

मामी परवा म्हणाली, "वरून बरा वाटायचा हो तुमचा आवाज. जरा विचारून बघा देवाला, आता गप्प बसू का म्हणून."

"विचारलं," मामा म्हणाला. "नको म्हणाला."

मामीने हसू लपवायला मान खाली घातली आणि काकवी ढवळत राहिली.