सांगीसन जाय

नवागामच्या चाळीत रंजनाला सगळे 'नाटकी' म्हणत. त्यात पुढे तिची सासू, उषाबाई.

नवरा योगराज पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात. पाळी सुटून त्याला जरा उशीर झाला, की रंजनाच्या छातीत धडधडायचं. हा गेला, आता येत नाही. तो आला की ती त्याचे कपडे गल्लीत भिरकावायची, "जाय निंघी" म्हणायची आणि तो खरंच वळला की पाय धरायची. चाळ दारात उभी राहून फुकटचा तमाशा बघायची. उषाबाईनं भगत आणला. त्यानं कोंबडी नेली, बाकी काही नेलं नाही.

चौऱ्याण्णवला शहरात प्लेग आला आणि चाळीतले शहाणे तोंडाला फडकी बांधून नंदुरबारच्या गाडीला लोंबकळले. उषाबाई सगळ्यांच्या आधी. "तिले ऱ्हाऊ दे, गाडीत तमाशा करी," असं तिनं लेकाला बजावलं. योगराज आईला पोचवायला म्हणून गेला आणि गावीच राहिला. आज्ञाधारक पोरगा.

रंजनाला जन्मभर ज्याची भीती होती, तेच झालं. ती उंबऱ्यात नुसती बसून राहिली. गोळ्या वाटत शीतल नावाची नर्स आली, तेव्हा रंजनानं तिचा हातच धरला.

"तुम्हीपण जाल."

"जाणार. पुढच्या दारी जायचंय," शीतल म्हणाली. "उद्या सकाळी परत येईन."

आणि ती आली. नंतरही येत राहिली. साथ ओसरल्यावर तिनं रंजनाला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, भीती आली की माणसाला हाकलू नका, भीती वाटते असं सांगा.

दिवाळीच्या तोंडावर योगराज आईला घेऊन परतला, गाड्या मिळत नव्हत्या असं पुटपुटत. रंजनानं या वेळी काही भिरकावलं नाही.

"माले भ्याव लागस," ती म्हणाली. "पुढे कोठे जाशी, तर सांगीसन जाय."

"डॉक्टरनी नवं सोंग शिकाडं," उषाबाई म्हणाली.

योगराजनं आईकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "सांगसू," म्हणाला. तेवढं त्यानं पाळलंही, बहुतेक वेळा.

भीती गेली नाही. रंजना दर महिन्याला दवाखान्यात जायची, एकटी, रिक्षानं. शेजारणींनी विचारलं की उषाबाई सांगायची, दाताला गेली.