मावसाजींची पेज

कोणी घरात आलं की पाणी विचारायच्या आधी आमचे मावसाजी त्याचं मनगट धरत. घड्याळाकडे बघत नसत, छताकडे बघत. मग हात सोडून निकाल देत, "पित्त आहे. बाकी काई नाई." पोस्टमनला पित्त, पाहुण्यांना पित्त, शेजारच्या बाळंतिणीलाही पित्त. देवरीला एका डॉक्टरांकडे त्यांनी तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. डॉक्टर वारले, त्यांचा जुना स्टेथोस्कोप मावसाजींनी मागून आणला, आणि त्याबरोबर डिग्रीही घरी आली अशी त्यांची समजूत झाली. "तीस वर्सं सुई टोचली मी. मले कोनी शिकवू नोको," हे त्यांचं रोजचं वाक्य.

आई लहानपणीच गेल्यामुळे मी मावशी आणि तिच्या या नवऱ्याकडे वाढले. म्हणजे हा माणूस मी फार जवळून पाहिला. त्यांच्याबद्दलचं माझं मत सातवीत बनलं आणि अजून बदलायची गरज पडलेली नाही. तेव्हा मला ताप होता, त्यांनी सुई दिली आणि ती जागा पिकली. महिनाभर मला बसता येत नव्हतं. मावसाजी दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पोरीचं रक्तच खराब आहे, सुई काय करन?" मावशी मात्र रोज गरम पाण्यानं शेकत बसायची. मूलबाळ नव्हतं, तिचं सगळं आईपण माझ्या वाट्याला आलं.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाचं जेवण जेवून आल्यावर मावशीच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जन्मभर ज्यानं गावाला पित्त वाटलं, त्याच्याच बायकोचं पित्ताशय सुजलं, तर हे म्हणाले, "गॅस आहे." चार दिवस दुखणं दाबायच्या सुया टोचल्या. दुखणं दबलं, ताप चढत गेला. पाचव्या दिवशी शेजारणीनं मला गोंदियाला फोन केला. "तुई मावशी बडबडून राहिली, बाई. लवकर ये." मी गाडी केली, देवरीहून तिला उचललं आणि हायवेनं थेट नागपूर गाठलं. मावसाजी पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरची नाडी पाहत होते.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलणं स्वच्छ. "खडा अडकलाय, पित्ताशयात पू झालाय. यांचं हृदय इतकं कमजोर आहे की ऑपरेशन झेपणार नाही. बाहेरून सुई घालून नळी टाकावी, तर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. त्यापेक्षा तोंडातून दुर्बीण घालू. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. पित्ताशय जठराला लागूनच असतं. दोघांच्या भिंतींतून वाट करायची आणि तिथं धातूची छोटी नळी बसवायची. पू पोटात उतरेल आणि आतड्यातून निघून जाईल."

"म्हंजे पू बाहीर काहाडाचा सोडून पोटातच टाकून राहिल्या तुमी?" मावसाजी म्हणाले. "आमच्या डॉक्टरसायबानं असं कदी केलं नाई."

"तेव्हा ही सोय नव्हती, काका," बाई शांतपणे म्हणाल्या. "उद्या दुपारी करू. रात्रीपासून पोटात काही जायला नको."

आमच्या धानाच्या मुलखात आजाऱ्याच्या तोंडी मिठाची पेज गेली नाही तर घरच्यांनी त्याला टाकून दिलं असं समजतात. ही माया मला कळते. एखाद्या अडाणी म्हातारीनं पेज पाजली असती तर मी तिच्या पाया पडून तिला समजावलं असतं. पण या माणसानं तीस वर्षं दवाखान्याच्या दारात उभं राहून लोकांना "उपाशी पोटी या" असं सांगितलेलं होतं. सकाळी मी औषधं आणायला खाली गेले. तेवढ्यात यांनी नागपूरच्या चुलतभावाच्या घरून पेजेचा डबा मागवला. मी परत आले तेव्हा साहेब चमचा पुसत होते. बाजूच्या खाटेवरची बाई मला हळूच म्हणाली, "त्या नाही म्हनून राहिल्या होत्या. दात आवळून धरले होते बिचारीनं."

भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं उलटून फुप्फुसात जाईल, म्हणून भुलीच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. दुपारचं काम संध्याकाळवर गेलं. तीन वाजता मावशीचं बीपी घसरलं, हातपाय गार पडले, नर्सेसची धावपळ सुरू झाली. डॉक्टरीणबाई आल्या. "पेज कोणी दिली?"

मावसाजी क्षणभरही थांबले नाहीत. "तिनंच मांगतली. भूक लागली म्हने."

बाईंनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं डोळे न उघडताच मान हलवली. "हो. मीच मांगतली."

मला त्या माणसाची किळस आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मरायला टेकलेल्या बायकोच्या पाठीमागे लपणारा नवरा मी तोवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी बाईंनी नळी बसवली. बाहेर येऊन म्हणाल्या, "भरपूर पू निघाला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं." तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मावशीनं चहा मागितला. व्हरांड्यात मावसाजी कुणाला तरी सांगत होते, "मीच आनली वक्तावर. पेजेनं ताकद धरली, म्हनून निभावलं."

सुट्टी झाली त्या दिवशी त्यांनी देवरीची गाडी ठरवून ठेवली होती. मावशी म्हणाली, "मी पोरीसंग गोंदियाले जातो." "काऊन?" "आराम पाह्यजे." मावसाजी हसले आणि तिला आठ दिवसांची परवानगी देऊन टाकली.

मावशी त्यानंतर देवरीला गेली नाही. चांगली हिंडतेफिरते, तळमजल्यावरच्या बायकांशी हिंदीत गप्पा मारते. मावसाजींचे फोन येतात. परवा असाच आला, तिनं फोन पालथा घातला आणि तांदूळ निवडायला लागली. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी खोटं काऊन बोललीस? डॉक्टरबाईंच्या समोर भांडायचं होतंस ना त्यांच्याशी."

मावशीनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"भांडाले समोर मानूस लागते, बाई," ती म्हणाली.