म्हस लागली झुराया

मी नाटकात कधी काम केलं नाही. मी पेटी वाजवते. विंगेच्या कडेला, लोकांना दिसणार नाही अशा जागी बसायचं, गाणारा घसरला तर त्याला सावरायचं, टाळ्या पडल्या तर त्या थांबेपर्यंत सूर धरून ठेवायचा. शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडल्यावर मी राजारामपुरीतल्या एका हौशी नाट्यमंडळात जायला लागले. एका क्लासच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी आमचा सराव चालायचा. खाली मुलं गणितं सोडवायची, वर आम्ही गाणी म्हणायचो.

तीन वर्षांमागं आमच्या दिग्दर्शकानं एक संगीत विनोदी नाटक लिहिलं. तो कॉलेजात शिकवणारा, पस्तिशीतला, उत्साही माणूस. एकाहत्तरची लढाई त्यानं फक्त वाचलेली. नाटकात कोल्हापुरातली एक पेठ होती. पेठेतले गडी लढाईवर गेलेत, पोस्टमनचा चष्मा फुटलाय, आणि कुणाची पत्रं कुणाच्याही घरी पडताहेत. एका बायकोला नवऱ्याऐवजी भलतीच्याच नवऱ्याचं प्रेम पोचतं, एका सासूला सुनेचं पत्र मिळतं आणि ती लाजून चूर होते. मधे मधे त्या काळची रेडिओवरची गाणी. शेवटी लढाई संपते, गडी परत येतात, सगळे. एकही कमी नाही.

"मॅडम, रेडिओची गाणी सगळ्यांना पाठ आहेत," तो मला म्हणाला. "मला एक तरी गाणं असं हवंय, जे इथल्याच कुणीतरी तेव्हा रचलं असेल. पेठेतलं. रांगडं."

मी बोलून गेले, "माझी आई गायची तसलं एक."

खरं तर मी आईला गाताना कधीच ऐकलं नव्हतं. मी लहान असताना शिवाजी पेठेतल्या बायका नळावर तिला बघून आपसात म्हणायच्या, ही काय गायची बाई, म्हशीचं गाणं म्हणायची तर लोक लोळायचे. आई घागर उचलून निघून यायची. लढाईच्या वेळी आमच्या पेठेतल्या तालमीनं जवानांच्या मदतीसाठी एक गमतीचं संगीत नाटक केलं होतं आणि त्यात आईनं काम केलं होतं, एवढंच मला माहीत होतं. माझे वडील त्याच लढाईत गेले. मी तेव्हा तीन वर्षांची. वडील मला आठवत नाहीत. भिंतीवरच्या फोटोतली टोपी आठवते, कारण ती रोज पुसावी लागायची.

मी आईला विचारलं. ती मेथी निवडत बसली होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्या पेठेला माहीत आहे, आई."

"मग पेठेला विचार जा."

आठ दिवस मी मागं लागले. ती एकदाही रागावली नाही. फक्त उठून आत जायची. शेवटी मी एक गोष्ट केली, ती सांगायला अजून जड जातं. त्या नाटकात आईबरोबर काम केलेली एक बाई हयात होती. जोतिबाच्या पायथ्याच्या एका गावात ती लेकाकडे राहायची. मी आईला म्हटलं, जोतिबाला जाऊन येते. आधी त्या बाईकडे गेले. तिला दिसायचं कमी झालं होतं, पण गाणं अख्खं पाठ होतं. थरथरत्या आवाजात तिनं ते मला तीनदा म्हणून दाखवलं.

धनी गेलं लढाईवर, म्हस ठेवली राखाया
माझं काय न्हाई बाई, म्हस लागली झुराया

म्हस वैरण खात नाही, म्हस दारात बसून वाट बघते, म्हस रात्री उसासे टाकते, आणि बायको प्रत्येक कडव्याला शपथेवर सांगते की मला काही झालेलं नाही, जे काय आहे ते म्हशीला. मी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. निघताना ती म्हणाली, "आईनं दिलं न्हाई व्हय गाणं? आन् ती देणार बी न्हाई. का, ते तिलाच विचार बाई. मी बोलायची न्हाई."

तिथून मी डोंगरावर गेले, खोटं पडू नये म्हणून. घरी येऊन आईच्या हातावर गुलाल-खोबरं ठेवलं. तिनं ते कपाळाला लावून घेतलं.

गाणं सगळ्यांना फार आवडलं. ते म्हणायला आमच्यातली एक तिशीची मुलगी होती, गळा चांगला, चेहरा बोलका. पण "झुराया"वर तिचं काहीतरी चुकायचं, हशा यायला हवा तिथं यायचा नाही. प्रयोगाला दोन दिवस उरले होते. एका दुपारी आई झोपलीय असं बघून मी माडीवर पेटी काढली आणि तेवढीच ओळ हळू आवाजात वाजवून बघायला लागले.

"असं न्हाय."

आई दारात उभी होती. गुडघे दुखतात म्हणून ती वर्षभर माडीवर चढली नव्हती.

"म्हस लागली, म्हणायचं आन् थांबायचं. लोकांकडं बघायचं. लोकं हसाया लागली की मग झुराया." ती चौकटीला धरून खाली बसली. "हितं थांबलं न्हाई तर गाण्यात काय बी न्हाई."

माझा हात भात्यावर तसाच राहिला. मी म्हटलं, "आई, मी चुकले."

"पेटी तुझ्या काकानंच शिकवली न्हवं तुला?" ती म्हणाली.

आमचे थोरले काका, वडिलांचे मोठे भाऊ. त्यांनीच आम्हाला सांभाळलं. माझी बोटं पेटीवर पहिल्यांदा त्यांनीच ठेवली. ते सोमवारी भजनाला पेटी वाजवायचे, आणि भजनाशिवाय दुसरं काही वाजवायचे नाहीत. आई त्यांच्याशी कधी बोलायची नाही. ताट वाढून बाजूला व्हायची, निरोप माझ्यामार्फत द्यायची. थोरल्या दिराचा मान ठेवते, असंच मी समजत होते, पेठेतही सगळे तसंच समजायचे आणि तिचं कौतुक करायचे. काकांच्या शेवटच्या दुखण्यात तिनं महिनाभर त्यांना चमच्यानं पेज भरवली. तेव्हाही एक शब्द नाही.

"राच्चं दिवं बंद ठेवायचा हुकूम हुता," आई सांगायला लागली, "म्हणून खेळ दुपारी ठेवल्ता. मांडव गच्च भरला. पेटीवर तुझा काका. पहिला अंक झाला. दुसऱ्या अंकात माझं गाणं. वन्समोअर आला. परत म्हटलं. परत वन्समोअर. तिसऱ्या डावाला तर मी हंबरून दाखवलं, म्हशीगत. लोकं हसून हसून पडाया आली. तुला मांडीवर घेऊन शेजारीण फुडंच बसल्ती. तू बी हसत हुतीस."

खाली कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"खेळ संपला. बायकांनी माझी दिष्ट काढली. तुझा काका आला आन् त्यानं खिशातनं तार काढली. घामानं वली झालेली, चार घड्या पडलेली. नवी तार तशी नसती. मी विचारलं, कवा आली? तो खोटं बोलला न्हाई. म्हणाला, पहिला अंक संपला तवा."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. काकांनी तार वाचली होती. धाकट्या भावाची. ती खिशात घातली होती, पेटीवर बसले होते, आणि तीन वेळा ते गाणं वाजवलं होतं.

"का केलं त्यांनी असं?"

"म्हणाला, बाई, तेवढंच दोन तास तुझं कपाळ हाय तसं राहू दे म्हटलं." आईनं कपाळाला हात लावला. "माझं कपाळ हुतं. त्याचं हुतं काय ते?"

मी काकांची बाजू घेतली. आजही सांगता येत नाही का घेतली. कदाचित बोटं त्यांनी शिकवलेली म्हणून. मी म्हटलं, "आई, त्यांचाही भाऊ होता. त्यांनी ते दोन तास कसे काढले असतील? आणि तुला आधी कळलं असतं तर तू तरी काय करणार होतीस?"

"रडले असते की," ती म्हणाली. "दोन तास आधी रडले असते. ते माझं हुतं न्हवं. तो तिकडं मरून पडल्याला, आन् मी हितं म्हशीगत हंबरत हुते. त्याच्या नावानं लोकं हसत हुती."

मी गाणं काढून टाकते, असं मी म्हटलं. मनापासून म्हटलं. ती चौकटीला धरून उठली.

"बसवलंयस न्हवं? लोकांना बोलावलंयस न्हवं? मग म्हणा की."

एवढं बोलून ती एकेक पायरी बसत बसत खाली उतरली.

तिला काय म्हणायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण त्या संध्याकाळी सरावाला जाईपर्यंत मी स्वतःला पटवून दिलं की आईनं परवानगी दिली. दोन दिवसांवर प्रयोग, मुलीनं एवढी मेहनत घेतलेली, तिचं मन कसं मोडायचं. मी दिग्दर्शकाला काही सांगितलं नाही. उलट त्या मुलीला म्हटलं, "लागली म्हणायचं आणि थांबायचं. लोकांकडं बघायचं." तिला ते लगेच जमलं.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. माझ्या वयाची, माझ्याहून म्हातारी माणसं, कुणी नातवंडांना घेऊन आलेली. रेडिओच्या गाण्यांना सगळं सभागृह बरोबर गात होतं. मग म्हशीचं गाणं आलं. ती मुलगी "लागली"वर थांबली आणि हशाची जी लाट आली तशी मी आमच्या मंडळात कधी ऐकली नव्हती. मी सूर धरून ठेवला. वन्समोअर आला. मुलीनं विंगेत माझ्याकडे बघितलं. नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी ती पुढच्या प्रवेशाला गेली असती. मी पुन्हा सुरुवातीचे सूर दिले. माझे डोळे भरले होते, पण बोटं एकदाही चुकली नाहीत. तेव्हा मला काकांची भीती वाटली, आणि स्वतःचीही.

घरी आले तेव्हा आई टीव्हीवर बातम्या बघत होती. कसं झालं, असं तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिनं माझं ताट वाढलं आणि बाजूला जाऊन बसली.

पुढं ते नाटक चाललं. सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज. गाण्याचा तुकडा कुणीतरी फोनवर टाकला आणि तो घरोघरी फिरला. गल्लीतल्या एका सुनेनं कौतुकानं येऊन आईला दाखवला. आजी, बघा की, तुमच्या वेळचं गाणं हाय म्हणं. आईनं फोन हातात धरून शेवटपर्यंत बघितलं आणि परत दिला. "बरी म्हणती की पोरगी," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी मी दिग्दर्शकाला जाऊन सगळं सांगितलं आणि गाणं काढायची विनंती केली. तो म्हणाला, "मॅडम, हे मला आधी सांगायला हवं होतं. आता लोक त्या गाण्यासाठीच येतात." त्याचं बरोबर होतं. मी मंडळ सोडलं. त्यांना दुसरा पेटीवाला मिळाला, माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. नाटक अजून चालू आहे.

आई मला म्हणाली, "सोडलंस कशाला? घरात बसून काय करणार हाईस?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. आईच्या शब्दानं मी गाणं काढलं नाही, तिच्या दुःखानं काढलं नाही. पुढं काढावंसं वाटलं तेव्हा ते माझ्या हातात राहिलं नव्हतं. काकांना निदान एवढं तरी म्हणता आलं असेल, की त्यांना विचार करायला वेळ मिळाला नाही. मला दोन दिवस मिळाले होते.

काकांचा राग मला करता येत नाही. प्रयत्न केला. ते म्हातारपणी भजनाहून आले की पेटी पुसून, तिच्यावर कापड घालून, कितीतरी वेळ तिच्यापाशी बसून राहायचे. मी लहानपणी हट्टानं म्हणायचे, काका, एक गमतीचं वाजवा की. ते भाता बंद करायचे. आईला मी हे सांगू शकत नाही. तिनं पन्नास वर्षं सांभाळलेला राग आहे, त्याला समजूत घालणारी मी कोण.

गेल्या थंडीत आई बरीच खचली. आता ती खालच्या खोलीतच असते. एका सकाळी तिला उन्हात बसवून मी केस विंचरत होते, तेव्हा धीर करून विचारलं, "आई, आपल्याकडं तेव्हा खरंच म्हस होती?"

"कसली म्हस. कोंबडी बी न्हवती." ती किंचित हसली. मग बऱ्याच वेळानं, मी विचारलेलं नसताना, म्हणाली, "तुझ्या बाला पत्र घातल्तं मी. असलं असलं गाणं म्हणणार हाय, तुम्ही असता तर मला म्हणू दिलं नसतं, असं लिहिल्तं. सगळी कडवी लिहून धाडली हुती."

"मग? काय म्हणाले?"

"उत्तर कुठलं यायला. पत्र गावलं का न्हाई त्याला, ते बी कळलं न्हाई."

मी तिची वेणी घातली. तिला ऊन लागायला लागलं, तेव्हा खुर्ची सावलीत ओढून दिली.