सतीशचं अर्धं राहिलेलं ट्यूनिंग

त्या शनिवारी गॅरेजात आम्ही पाच जण होतो. मी, माझा मुलगा सतीश, सून वर्षा, नात ईशा आणि सतीशच्या कंपनीतला जर्मन मित्र योर्ग. मला लिहायला फारसं येत नाही, मी सांगते तसं वर्षा लिहून घेतेय. सतीशला जाऊन महिना उलटला. दुखणं यकृताचं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. त्या शनिवारी त्याला उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्ची टाकली होती. मांडीवर लॅपटॉप, अंगावर माझी शाल.

गाडी अमेरिकन, आठ सिलेंडरची, ईशापेक्षा जुनी. हौसेनं घेतली. इंजिनातला कॅम, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, काढून मोठा घातला आणि तिथनं कटकट लागली. गाडीतल्या जुन्या कॉम्प्युटरला त्या कॅमचा अंदाजच येईना. पेट्रोल कधी जास्त सोडायचा, कधी कमी, आणि गाडी उभ्या उभ्या बंद पडायची. मग सतीश त्यातली चिप काढायचा, लॅपटॉपवरनं तिच्यात नवे आकडे भरायचा, परत बसवायचा, चालू करून बघायचा. जमलं नाही की परत काढायचा... हिवाळाभर हेच. योर्गचं म्हणणं, हा जुना डबा काढून टाक, नवा कॉम्प्युटर बसवू, दोन वीकेंडात गाडी रस्त्यावर. त्या दिवशीही तेच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ओमा, तुम्ही सांगा ह्याला." ओमा म्हणजे त्यांच्यात आज्जी. बाकीचं वर्षानं मला मराठीत सांगितलं.

मी म्हटलं, "बसव की बाबा नवा. एकदा चालवशील तरी."

"नवा बसवला तर ती योर्गची गाडी होईल, आई. आणि गाडी पास करणारे ट्युफवाले शंभर प्रश्न विचारतील ते वेगळंच."

"तू गाडी चालू करतोयस का तिची समजूत काढतोयस?"

"समजूतच. तुझ्यावर गेलोय."

त्याचे वडील गेले तेव्हा तो चौथीत होता. मी कोल्हापूरला उद्यमनगरात फाउंड्रीत लागले, वाळूच्या कोअर करायला, ओतकामात आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात त्या. कोअर फुटली की परत वाळू कालवायची, परत साच्यात भरायची. हातांची सालं निघायची. रडत बसले असते तर शिफ्ट चुकली असती. शाळा सुटली की हा तिथंच दारात बसून असायचा, ते त्यानं बघितलेलं.

त्या शनिवारी इंजिन सुरू झालं आणि बराच वेळ नीट चाललं. ईशानं फोनवर आवाज भरून घेतला. मग तापलं आणि बंद पडलं. सतीश म्हणाला, "गरम झाल्यावरचं भरायचं राहिलंय, तेवढंच." पुढच्या आठवड्यात त्याला दवाखान्यात नेलं... गॅरेजात परत आला नाही.

दिवस झाल्यावर योर्ग आला. भला माणूस. म्हणाला, मी नवा कॉम्प्युटर बसवतो, ईशाला लायसन्स मिळालंय, तिला चालवू दे. वर्षा हो म्हणाली, मीही हो म्हणाले. गाडी उभी ठेवून काय करायचंय? मी सतीशला तेच सांगितलं होतं, आणि चुकीचं सांगितलं असं मला आजही वाटत नाही.

ईशाला मराठी कळतं पण बोलते जर्मन. ती बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. "नाइन," म्हणाली, म्हणजे नाही. मग माझ्याकडे बघून, अडखळत, मराठीत, "आज्जी, बाबांनी केलेलं ह्याच्यात आहे." वर्षानं ते योर्गला सांगितलं, त्यानंही मान डोलावली. खरंच होतं तिचं. हिवाळाभर भरलेले आकडे त्या जुन्या चिपमध्येच आहेत, नवा कॉम्प्युटर आला की त्यांचा काही उपयोग नाही.

गाडी आता तिची आहे. मीही नव्याचा आग्रह सोडला.

पण योर्गला नव्याचं काम येतं, ह्या जुन्याचं येत नाही. आपल्यातली कितीतरी पोरं इथं जर्मनीत गाड्यांच्या कंपन्यांत आहेत. कुणाला असल्या जुन्या चिपवरचं काम येत असेल, तर आमच्याकडे र्युसेल्सहाइमला या. त्यानं भरलंय ते पुसू नका. गरम झाल्यावरचं तेवढं करून द्या.