साडूच्या हातावरचा पट्टा

माझा साडू माझ्याहून बराच लहान. त्याचं लग्न झालं तेव्हा मी त्या घरचा जुना जावई होतो. उदगीरला सासऱ्यांकडे गेलो की बैठकीत लोडाला टेकून बसायची जागा माझी असायची. तो आला आणि दुसऱ्याच सणाला ती जागा त्याची झाली. त्यानं काही मागितली नव्हती. तो दारातून आत आला की सासरे आपणहून सरकायचे, "या, हिकडं बसा," म्हणायचे, आणि मी भिंतीकडच्या खुर्चीत.

त्यात आमचा दोघांचा धंदा एकच. माझं अहमदपूरला बसस्टँडच्या मागं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजली, निवडीबद्दल अभिनंदन, आणि लग्नसराईत पत्रिका. त्याचं हेच दुकान नांदेडला. सासरे धान्याच्या मोंढ्यातले आडतवाले, सोयाबीन आणि तूर हातात घेऊन नुसत्या स्पर्शानं ओलावा सांगणारे. आमचं काम त्यांना कधी कळलं नाही. पण नांदेडचं दुकान रस्त्यावरचं, काचेचं. माझं बोळातलं. तेवढ्यावरून त्यांनी काय ते ठरवून टाकलं होतं.

मग एका दिवाळीत साडू लोह्याजवळच्या आपल्या गावी गेला. वडिलांना मदत म्हणून कडबा कुट्टीच्या यंत्रात पेंढ्या लावत होता. सदऱ्याची बाही आत ओढली गेली. उजव्या हाताचा पंजा गेला.

मी त्याच दिवशी नांदेडच्या दवाखान्यात पोचलो. मेहुणी बाकावर बसलेली होती, मला बघून म्हणाली, "दाजी, त्यायचा हात." डिझायनरचा उजवा हात म्हणजे काय, हे त्या दवाखान्यात तिच्याखालोखाल मलाच कळत होतं. मी रडलो, आणि ते रडणं खरं होतं.

पुढचे काही महिने त्यानं त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवली. "साडूभाऊंकडं जा, माझ्यापरीस चांगलं करतेत," असं सांगून. मी ती कामं मन लावून केली. खरं सांगायचं तर त्या काळात मी त्याला जितका जीव लावला तितका आधी कधी लावला नव्हता. उदगीरला गेलो की लोडाजवळ पुन्हा मी बसू लागलो. सासरे मलाच विचारायचे, "आता कसं व्हणार ओ त्यायचं?" मी गंभीर होऊन सांगायचो.

ते फार दिवस टिकलं नाही. साडूच्या जुन्या गिऱ्हाइकांत नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर होते. ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हातात घालायची यंत्रं बनवत होते, कीबोर्ड-माउसशिवाय कॉम्प्युटर चालवायची. त्यांनी साडूला बोलावलं आणि कोपराखाली एक रुंद काळा पट्टा बांधला. सरांनी नंतर मलाही समजावून सांगितलं होतं. पंजा गेला तरी बोटं हलवणारे स्नायू कोपराखाली शिल्लक असतात. माणसानं मनात बोट हलवलं की ते आखडतात. पट्ट्याला ते कळतं आणि तो कॉम्प्युटरला कळवतो. हात डावी-उजवीकडे नेला की पडद्यावरचा बाण सरकतो. अंगठा आणि पहिलं बोट जुळवल्याचा नुसता विचार केला, की क्लिक.

म्हणजे माझा साडू नसलेल्या बोटांनी काम करायला लागला.

त्याचा व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. तो खुर्चीत ताठ बसलेला, हात हवेत, आणि समोर पडद्यावर लग्नपत्रिकेचा गणपती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चाललाय. माझ्या बायकोनं तो व्हिडिओ स्वयंपाकघरात लावला, मग शेजारणीला दाखवला, मग माझ्या समोर धरला.

"बघितला," मी म्हणालो.

"पुन्ना बघा की. बोटं न्हाईत आन क्लिक कराल्ते."

"मी बोटं असून दिवसभर करतो. माझा व्हिडिओ काढ एखादा."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

माझं मनगट कित्येक वर्षांपासून दुखतं. माउस धरून धरून अंगठ्याखाली एक शीर तट्ट होते, सकाळी चहाचा कप उचलताना कळ येते. याबद्दल घरात कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारावं असं मलाही तोवर वाटलं नव्हतं. त्या व्हिडिओनंतर वाटायला लागलं. ज्याचा हात गेला त्याचा मला हेवा वाटतोय, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता. त्याची गिऱ्हाइकं एकेक करून परत गेली, आणि त्यांच्यासोबत माझंही एक गेलं. अहमदपूरच्या एका मंगल कार्यालयाचे मालक. "जरा बघून येतो ते कसं करतेत," म्हणून गेले आणि काम तिथंच देऊन आले.

मी गुपचूप ऑनलाइन एक वस्तू मागवली. बोटात अंगठीसारखी घालायची, बोट हवेत फिरवलं की बाण फिरतो. दुकानात दुपारी कुणी नसताना सराव केला. मग एकदा वाढदिवसाचं बॅनर करून घ्यायला एक कार्यकर्ता आला, तेव्हा मी मुद्दाम माउस बाजूला सारून बोट उचललं. त्याच्या साहेबाचा फोटो पडद्यावर असा सुसाट सुटला की नुसते बूट दिसायला लागले.

"अवो, सायबाचं डोकं कुठं गेलं?" तो म्हणाला.

मी डोकं शोधून आणलं, तोवर खालच्या शुभेच्छुकांचे चेहरे एकमेकांवर चढले. अंगठी काढून खिशात टाकली आणि माउसवर काम केलं.

पुढं उन्हाळ्यात आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासऱ्यांनी दोन्ही लेकींना आणि जावयांना बोलावलं. आमरसाचं जेवण होतं. मोंढ्यातले चार-पाच व्यापारीही होते, कपाळाला भस्म लावलेली, सासऱ्यांच्या वयाची माणसं. त्यांना खास बोलावण्याचं कारण मला गेल्या गेल्या कळलं. लोडाजवळ साडू बसला होता आणि समोर चौरंगावर त्याचा लॅपटॉप मांडला होता. मेहुणीनं लॅपटॉपची बॅग माझ्याकडे दिली. "दाजी, एवढी धरा," म्हणून ती आत पुऱ्या लाटायला गेली. मी बॅग घेऊन साडूच्या शेजारीच बसलो. तीच तेवढी जागा रिकामी होती.

सासरे म्हणाले, "हां, दाखवा आता आमच्या लोकायला."

साडूनं पट्टा बांधला. एवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण पंखा थांबला, आणि उदगीरच्या वैशाखात पंखा थांबल्यावर काय होतं ते सांगायला नको. साडूच्या हातावरून घामाचे ओघळ निघाले. त्यानं हात उचलला. बाण जागचा हलला नाही. त्यानं पट्टा वर सारला, पुसला, पुन्हा बांधला. बाण थोडा थरथरला आणि थांबला.

व्यापारी बघत होते. एकानं घसा साफ केला. दुसरा सासऱ्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तकलीफ नका देऊ पोराला."

ते ऐकून साडूचा चेहरा उतरला. मी तो अगदी जवळून बघितला. इतके दिवस मी हेच व्हावं म्हणून वाट बघत होतो, आणि झालं तेव्हा मला ते बघवेना. माझा हात बॅगेत गेला. मेहुणी दुकानात त्याच्या मदतीला बसायची, तिचा बिनवायरीचा माउस आत होता आणि तो त्याच लॅपटॉपला जोडलेला होता. मी बॅगेतल्या बॅगेत तो चालू केला आणि बुडाच्या पुठ्ठ्यावर सरकवला.

बाण निघाला.

साडूचा हात उजवीकडे गेला की मी उजवीकडे नेत होतो. तो वर गेला की वर. इतक्या वर्षांची सवय, मला खाली बघावं लागत नव्हतं. गणपती पत्रिकेच्या मधोमध आला, मोठा झाला, त्याच्याभोवती महिरप बसली. बैठकीत एकदम गलका झाला. "वा! वा!" सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा, म्हनलं व्हतं का न्हाई?"

मग साडूनं मुद्दाम हात जागच्या जागी थांबवला. मला ते कळायला वेळ लागला आणि बाण वीतभर पुढं गेला. त्यानं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या वाजल्या. त्या मी केलेल्या कामाच्या होत्या, आणि मिळाल्या त्याला. हे मी स्वतःच घडवून आणलं होतं, तरी त्या टाळ्या माझ्या मनाला लागल्या.

जेवणाआधी हात धुवायला मी मोरीकडे गेलो, तर तो मागून आला.

"साडूभाऊ, माउस तुमच्या हातात व्हता न्हाई?"

"हाव. सगळे बघायलते, म्हणून..."

"कशाला केलंत?" तो हळू बोलत होता, पण चिडला होता. "घामात चालत न्हाई हे मी सांगणार व्हतो. सरांनी मला तेवढ्यासाठीच दिलाय तो पट्टा, कुठं अडतंय ते बघायला. आता उद्या हे लोक दहा जणायला सांगतील की चालतंय. हात गेलेला एखादा माणूस आस लावून येईल, त्याला मी काय सांगू?"

मी त्याच्यासाठी एवढं केलं, आणि हा मलाच शिकवतोय, एवढंच डोक्यात होतं.

पंगत बसली. लाइट आली. साडूनं पुरीला हात लावायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. "मघाशी जे चाललं ते पट्ट्यानं न्हाई. पट्टा घामानं बंद पडला व्हता. माझी इज्जत जाऊ नये म्हणून साडूभाऊंनी बॅगेतून माउस चालवला."

मला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, काय हात आहे या माणसाचा, न बघता केलं सगळं. सासरे साडूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चार लोकांत असं खरं बोलायला काळीज लागतंय." आणि माझ्याकडे वळून हसत, "आन तुमी जावईबापू, आमाला येड्यात काढलंत व्हय!"

सगळी पंगत हसली. माझी बायको वाढता वाढता हसली. मीही हसलो, आणि आमरस गोड होता की नव्हता ते मला आज आठवत नाही.

त्यानंतर मी नांदेडला जायचं टाळलं. बायको एकटी जाऊन यायची. तिच्याकडून कळायचं की सरांनी पट्टा बदलला, आतून वेगळं कापड लावलं, आता घामात पहिल्यासारखा अडत नाही. मी "बरं झालं" म्हणायचो आणि कामाला लागायचो.

पावसाळा सरता सरता साडूचाच फोन आला. सरांना हात धड असलेला, रोज माउस चालवणारा माणूस पाहिजे होता. पट्टा फक्त साडूच्या हाताला ओळखत होता, दुसऱ्याच्या हाताला ओळखतो का ते बघायचं होतं. "मी म्हनलं सरांला, आमच्या साडूभाऊंसारखा हात नांदेड-लातुरात न्हाई," तो म्हणाला. हे तो कशासाठी बोलला ते मी बराच वेळ शोधत बसलो. त्यात खोट सापडली नाही, म्हणून बायकोला घेऊन गेलो.

त्याच्या दुकानात सरांनी माझ्या हातावर पट्टा बांधला. थंड लागला. "मूठ करा. सोडा. आता अंगठा जुळवा." बराच वेळ काहीच होत नव्हतं. मी जोर लावला की बाण कोपऱ्यात जाऊन बसायचा. सर म्हणाले, "तुम्ही फार घट्ट धरता. तुमच्या हातात माउस नाहीये." साडू माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरून सैल हलवलं. "सोडा, सोडा. मनात करा नुसतं."

मग बाण हलला. मी एक गोल काढला. गोल कसला, दबलेला बटाटा होता. पण साडू उडी मारून उठला, "आलं! आलं! ए, दाजीचं बघ, आलं!" म्हणत त्यानं मेहुणीला हाक मारली. पोरानं पहिलं पाऊल टाकल्यावर बाप ओरडतो तसा ओरडला. त्याचा व्हिडिओ आला तेव्हा मी असा एकदाही ओरडलो नव्हतो. मी पट्टा सोडायच्या निमित्तानं मान खाली घातली.

त्यानंतर त्यानं त्याचं चालू काम दाखवलं. एका देवळाच्या जत्रेचं मोठं बॅनर. हात हवेत, आणि कमानीची वेलबुट्टी एका झोकात वळत गेली. मला तशी रेघ माउसनंही काढता आली नसती. मराठी मजकूर टाइप करायला मात्र त्याला फार वेळ लागतो, म्हणून तो मी बसून करून दिला. पानभर नावं होती. तो मागं उभा राहून वाचत होता आणि मी एकही चूक होऊ दिली नाही.

संध्याकाळच्या एसटीनं परत निघालो. लोहा गेल्यावर बायकोनं विचारलं, "कसं चालतंय त्यायचं?"

"झ्याक चालतंय."

"आन तुमचं?"

"मला शिकायला वेळ लागेल."

ती खिडकीकडे बघून हसली. ते हसणंही मला त्याच्याच बाजूचं वाटलं.