खालची किनार

आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या चंपत सरांकडे लोक जुने मोडी कागद वाचून घ्यायला येत. सर निवृत्त प्राथमिक शिक्षक. वाचताना कुणी मध्ये तोंड घातलं, तर पांढऱ्या मिशीच्या माणसालाही वर्गातल्या पोरासारखं गप्प बसवत. कुणाला त्या कागदात सातव्या पिढीतला पाटील सापडे, कुणाला देवळातला मान. माणसं छाती फुगवून घरी जात.

सरांना स्वतःसाठी मात्र एकच नाव हवं होतं, पणजोबाचं. गावाच्या शिवेचा तंटा झाला तेव्हा पणजोबा डोक्यावर शपथेची माती घेऊन शीव चालला होता, एवढं वडिलांनी सांगितलेलं. नाव वडिलांनाही ठाऊक नव्हतं. शीव गावच्या महारानं दाखवायची, ही तेव्हाची रीत. म्हणजे निवाड्याच्या कागदावर साक्षीदारांत तो असणारच. तेवढ्यासाठी ऐन उमेदीत सर एका म्हाताऱ्या पटवाऱ्याकडे दोन वर्षं मोडी शिकले. पायरीवर बसून. ओसरीवर या, असं पटवारी एकदाही म्हणाला नाही.

पण साक्षीदारांनाही उतरंड असते. आधी पाटील, मग पटवारी, सुतार, लोहार, आणि सगळ्यांत खाली महार. कागदाला ओल लागते ती खालून, वाळवी चढते तीही खालून. चाळीस वर्षांत शेकडो कागद हाताखालून गेले. दरवेळी पाटील ठणठणीत आणि खालचा माणूस वाळवीच्या पोटात. सर चिडत, नि पुढचा कागद घेत.

यंदा दिवाळीनंतर जैनथकडच्या त्यांच्या मूळ गावातून उद्धवरावांचा फोन आला. हे तिथल्या पाटलांच्या घरातले. माळ्यावरच्या पत्र्याच्या नळीत एक कागद निघाला होता. त्यांनी फोटो धाडला, तो शिक्क्याचा आणि वरच्या चार ओळींचा. शिक्का जिथं, तेवढंच महत्त्वाचं, असा त्यांचा हिशेब. सरांनी वाचलं. त्यांच्याच गावच्या शिवेचा निवाडा. खालचा भाग आहे का, विचारलं, तर उद्धवराव म्हणाले, आहे ना, पूर्ण आहे. मग सरांना चार दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी उद्धवराव आले. कागद चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद. बसमध्ये तुकडे पडू नयेत म्हणून त्यांनी काळजीनं आदिलाबादेत लॅमिनेशन करून आणलं होतं. सरांनी नजर थेट तळाशी नेली. लोहारापाशी नावं संपत होती.

"खालचं कुठं गेलं?"

"किनार लई कुरतडली होती, सर. प्लास्टिकात मावे ना. दुकानवाल्यानं शुक्रवारी कातरून सरळ करून देल्ली." उद्धवराव वरमले. "काऊन, काई होतं का तिथं?"

सर त्यांना ऑटोत घालून दुकानात घेऊन गेले. कचरा त्याच दिवशी जाळला, असं दुकानदारानं सांगितलं.

घरी येऊन सरांनी भिंग लावलं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली लिहितात. कात्री लोहाराखालच्या रेघेला चिकटून गेली होती. रेघ शाबूत होती, खाली काहीच नव्हतं. सरांना रडू फुटेल असं वाटलं, पण समोर पाहुणा होता. त्यांनी पाटलांची नावं बापासकट वाचून दाखवली आणि सुवाच्य अक्षरात लिहूनही दिली. उद्धवराव खूश होऊन गेले.

आतून चंद्रभागाबाई आल्या. इतकी वर्षं नवऱ्याला हा नाद सोडा म्हणणाऱ्या त्या, आज हळूच विचारत्या झाल्या, नाव होतं का त्यात.

"होतं," सर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत होतं."